2004 च्या बिलावर जीएसटी नंबर

पीएलसी म्हणजे मशीनला हुकूम देणारा कंट्रोलर; त्याचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज 11 च्या लॅपटॉपवर चालतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी हात टेकेल. आमचं काम कॉम्प्युटरपाशी अडलं नाही, लायसन्सच्या एका फॉर्मपाशी अडलं. तो राग अजून गेलेला नाही.

साकीनाक्याला आमचा पाऊच पॅकिंगचा गाळा आहे, मेंटेनन्स माझ्याकडे. मशीन 2004 चं, पॅनेलमधला पीएलसी तेव्हाचाच. त्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या एका डबड्यावर होतं, पावसाळ्यात त्याचा मदरबोर्ड गेला. मशीन थांबलं नाही. शेठना हे पटायला वेळ लागला, पण पीएलसीला चालायला कॉम्प्युटर लागतच नाही. तो लागतो प्रोग्राम बघायला आणि बदलायला. नेमकं तेच करायचं होतं. नव्या गिऱ्हाइकाला पाऊच लांब हवा होता आणि ती लांबी लॅडरमधल्या, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्राममधल्या, एका टायमरवर.

नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉलर उघडेना. तो 16 बिटचा, 64 बिटच्या विंडोजवर तसले प्रोग्राम चालत नाहीत आणि विंडोज 11 मध्ये 32 बिटची आवृत्तीच नाही. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक्सपी बसवली, तिच्यात सॉफ्टवेअर. इथपर्यंत काही त्रास नाही. सॉफ्टवेअर उघडलं आणि त्याने डोंगल मागितला, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची लायसन्सची चावी.

डोंगल होता, पण प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टला लागणारा. लॅपटॉपला ते पोर्ट कुठलं? लॅमिंग्टन रोडला यूएसबी टू पॅरलल केबल मिळते, ती घेऊ नका. ती प्रिंटरपुरतीच असते, डोंगल तिच्यातून दिसत नाही. म्हणजे कंपनीकडून यूएसबी डोंगल बदलून घेणं आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून त्यांच्याशी काम पडतं.

बदलून मिळतो, हे कबूल. त्यासाठी पोर्टलवर फॉर्म. त्यात एक रकाना, शेजारी लाल चांदणी: मूळ बिलावरचा जीएसटी नंबर. आता जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 ला. आमच्या बिलावर विक्रीकराचा नंबर. शेठच्या वडिलांनी बिल जपून ठेवलं होतं, शिक्क्यासकट, त्याचं मला फार कौतुक वाटलं होतं! रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जाईना. विक्रीकराचा नंबर घातला तर पंधरा अक्षरं नाहीत म्हणून लाल. आमचा आजचा जीएसटी नंबर घातला तर फॉर्म गेला, आणि काही दिवसांनी परत आला: बिलाशी जुळत नाही.

फोन केला.

"सर, ती फील्ड मॅन्डेटरी आहे."

"मॅडम, 2004 ला जीएसटी नव्हताच."

"बरोबर आहे सर, पण सिस्टिम घेत नाही."

त्या मॅडमचा काही दोष नाही, तिच्या हातात तेवढंच. पण तक्रार आपोआप बंद व्हायची आणि वर मेल यायचा, तुमची अडचण सुटली, किती तारे द्याल? मी पुन्हा तक्रार टाकायचो, पुन्हा तारे. इकडे शेठ रोज विचारणार, "झालं का रे?" गिऱ्हाईक वेगळंच तोंड करून बसलेलं. त्यात पीएलसीवर बॅटरीचा लाल दिवा लागला. आमच्या पीएलसीत प्रोग्राम बॅटरीवर टिकतो. 12 ऑक्टोबर 2020 ला सगळ्या मुंबईची वीज गेली होती, तेव्हा बॅटरी धड होती म्हणून वाचलो. बॅटरी सप्लाय चालू ठेवूनच बदलली. तुमच्या पीएलसीचं मॅन्युअल आधी वाचा, प्रत्येकाची रीत वेगळी.

सुटका झाली ती शेजारच्या गाळ्यात आलेल्या सर्व्हिस इंजिनीअरमुळे. तो म्हणाला, पोर्टलच्या नादी लागू नका, पैसे भरून सर्व्हिस व्हिजिट बुक करा. इंजिनीअर स्वतःच्या लॉगिनमधून अर्ज टाकतो, त्यात तो रकानाच नाही! खरंच नव्हता. बिलाचा फोटो आणि डोंगलवरचा नंबर एवढ्यावर भागलं. फक्त जुना डोंगल आधी पाठवायचा, मग नवा. कुरियरची पावती मी पाकिटात घालून फिरत होतो.

नवा डोंगल लागला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी 2.0 चा कंट्रोलर निवडा, एक्सपीला यूएसबी 3 कळत नाही. डोंगलचा ड्रायव्हर एक्सपीला चालणारा आहे ना, तेही मागवतानाच विचारा.

सिरीयलचं, म्हणजे लॅपटॉप पीएलसीला जोडायच्या केबलचं, राहिलंच. यूएसबी टू सिरीयल केबल ओरिजिनल एफटीडीआय चिपची घ्या. आमची लॅपटॉपवर कॉम 7 झाली आणि सॉफ्टवेअरला चारच्या पुढचं पोर्ट दिसत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये तीच केबल आतल्या एक्सपीला कॉम 1 म्हणून देता येते. तरी मध्येच संपर्क तुटत असेल तर लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टचा लेटन्सी टायमर 16 वरून 1 करा. आमचं त्यावर थांबलं. एक्सपीला नेटवर्क मात्र देऊ नका, तिचे अपडेट 8 एप्रिल 2014 ला बंद झालेत.

टायमर बदलायच्या आधी पीएलसीतला प्रोग्राम लॅपटॉपवर अपलोड करून सेव्ह केला, लॅडरची प्रिंट पॅनेलच्या दारात लावली. पाऊच लांब निघतोय. मशीनचं जुनं बिल आता माझ्या कपाटात आहे, शेठनी मागितलं तरी झेरॉक्सच देतो.