समुद्र उजव्या हाताला होता

आम्ही दोघी मोटारसायकलवर कोकण किनारा फिरून आलो हे कळलं की कोणी घाट कसे होते, खड्डे किती होते असं विचारत नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, जिन्यात, जिथे तिथे एकच प्रश्न. चालवली कोणी? सोबतच्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी तेवढा तो उलटा करून विचारला, "मंग मांगे कोन बठेल व्हतं व माय?" तुम्हीही परवा दोन्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

अर्धी तिने चालवली, अर्धी मी. (तिचं नाव लिहायचं नाही अशी तंबी आहे, तेव्हा ती म्हणजे ती.) पण सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर इतक्यात संपत नाही, कारण मागे बसण्यात माझी उभी हयात गेली आहे.

माझं माहेर चोपड्याकडचं, सासर जळगाव. लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि तेव्हापासून जळगाव-चोपडा रस्ता मी ह्यांच्या मागे साडीत, दोन्ही पाय एका बाजूला सोडून केला आहे. अशा बसणाऱ्या बाईचं तोंड कायम डावीकडे. विदगावच्या पुलावर तापी लागते. माहेरी जाताना मला खालच्या अंगाची तापी दिसायची, सुरतेकडे निघालेली. परतताना वरच्या अंगाची. पूर्ण नदी, दोन्हीकडची एकदम, कधी दिसली नाही. आणि समोरून काय येतंय ते तर नाहीच. बाजूला येऊन मागे सरकू लागलं की मग ते आपलं.

ह्यात सवयीचा भाग आहे तसा गाडीचाही आहे. आमच्या स्प्लेंडरचा सायलेन्सर उजवीकडे, चेन डावीकडे. म्हणून साडीगार्डची जाळी आणि पाय ठेवायची ती आडवी पट्टी, दोन्ही डावीकडे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियमच आहे की मागच्या माणसाला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निदान अर्धं चाक झाकलेलं हवं. नियम चांगलाच आहे, पदर चाकात गेल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे. पण शोरूममधून गाडी निघते तेव्हाच बाईने तोंड कुठे करायचं ते ठरलेलं असतं, हे मला गाडी शिकायला लागले तेव्हा उमगलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, बाजार समितीच्या रिकाम्या आवारात, हीच मैत्रीण मागे बसून ओरडत होती, "क्लच सोड ना व, हळू सोड, मेली का तू!"

जानेवारीत निघालो. धुळे, चांदवड, नाशिक, पनवेल हे काही लिहीत नाही, तो रस्ता तुम्ही सगळ्यांनी बसमधून पाहिलेला आहे. सामानात दोन-दोन ड्रेस, दादर ज्वारीचे बिबडे म्हणजे पापड, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. पीठ नको म्हणून मी भांडले होते. तेच गुहागरला कामी आलं, ते पुढे येईल.

अलिबागला नियम ठरला की जेटी लागली की हात बदलायचा. रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राकडेने रस्ता व्हायचा हे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून बोललं जातंय. मोठ्या खाड्यांवर पूल नाहीत, तिथे गाडी फेरीबोटीत घालावी लागते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. चार जेट्या, चार बदल. इतकं सरळ होतं.

पहिला तुकडा तिचा होता. रेवदंडा सोडलं, साळावचा पूल ओलांडला. ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून तासन्‌तास बसायची मला सवय नव्हती. मांड्या भरून आल्या, तेव्हा एका चहाच्या टपरीपासून मी नेहमीसारखी एका बाजूला बसले. काशीद आलं. ती पुढून ओरडली, "बघ ना व, बघ!" मी बघत होते. कंपाउंडच्या भिंती, खोल्या भाड्याने मिळतील अशा पाट्या, मागे डोंगर.

"काय बघू?"

"समुद्र!"

"कुठंय?"

"तुझ्या पाठीशी!"

किनारा धरून खाली निघालं की समुद्र सगळा वेळ उजव्या हाताला असतो. एवढे पाचशे किलोमीटर आलो आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. तिने गाडी सुरूच्या झाडांशी उभी केली आणि हसून हसून हँडलवर डोकं टेकलं. मी उतरले, पाय पलीकडे टाकला आणि परत एका बाजूला बसले नाही. रात्री मुरूडला पायऱ्या चढताना त्याची किंमत मोजली.

मागे बसणं म्हणजे पोतं होऊन बसणं, असं लोक धरून चालतात. वळणावर मागची बाई उलट्या अंगाला झुकली की पुढचीचे खांदे भरून येतात. चढाला शंभर सीसीची गाडी दोघींना घेऊन पहिल्या गिअरवर रडायला लागली की मागचीने उतरायचं आणि तांबड्या मातीतून पायी वर यायचं. नकाशा तिच्याकडे, पाण्याची बाटली तिच्याकडे, भीतीसुद्धा तिच्याचकडे, कारण पुढचीला घाबरायला सवड नसते.

बागमांडल्याला मी पाडली. जेटीचा उतार ओला, वर हिरवं शेवाळ, खाली बोटीचं लोखंडी फळकूट. मागचीने उतरून चालत यायचं हे कळायला हवं होतं, पण ती म्हणाली, "चल ना, दहा पावलं तर आहेत." मी पुढचा ब्रेक दाबला आणि चाक साबणावरून जावं तसं गेलं. डाव्या अंगावर पडलो. तिचा डावा पाय गाडीखाली गेला असता, पण मध्ये ती जाळी आली. साडीगार्ड पार वाकलं, पाय सुटला. माझं कोपर सोललं, ते वेगळं. बोटीवरच्या पोराने एक लाथ घालून जाळी चाकापासून लांब केली आणि आमच्याकडे न बघता दोर सोडायला गेला. सावित्रीची खाडी ओलांडेपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. वेसवीला मी मुकाट्याने किल्ली तिच्या हातात दिली. नियमच होता, पण तेव्हा शिक्षेसारखं वाटलं.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला थांबलो. ती माळकरी, नाकाला ओढणी लावून उभी. होड्यांतली मासळी काठावर आणायला बैलगाड्या समुद्रात घालतात तिथे. पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे असलेले बैल बघून तिने ओढणी काढली. आमच्याकडे पोळ्याला बैल न्हाऊ घालतात तेव्हा तो कानात पाणी जाऊ देत नाही, आणि इथे लाट येते तरी हे शेपटी हलवत उभे. ती अर्धा तास जागची हलली नाही. वासही विसरली.

गुहागरला ज्या घरी उतरलो तिथल्या काकूंना वाटलं दोघी बहिणी असाव्यात. मासे नाही म्हटल्यावर त्यांनी आमटीभात वाढला. मग हिने पीठ काढलं आणि त्यांच्या चुलीवर कळण्याच्या भाकरी थापल्या. काकूंनी दोन खाल्ल्या आणि विचारलं, "चालवतं कोण हो तुमच्यात?" कोकणसुद्धा सुटलं नाही.

खरं भांडण जयगडनंतर झालं. जयगडला गाडी तिच्याकडे गेली, आणि त्यापुढे आमच्या वाटेवर जेटीच नाही. गणपतीपुळे झालं, आरे-वारेचा तो सुंदर घाट झाला, रत्नागिरी आली, तरी बाई उतरायला तयार नाही. म्हणे, "नियम जेटीचा आहे." मी म्हटलं, पूल धर आता. ती म्हणाली, मग साळावचा पूलही धर, तेव्हा कशी गप्प होतीस? शेवटी भाट्याच्या पुलाआधी मी गाडीवरून उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले, आणि ती पूल ओलांडून पलीकडे जाऊन थांबली. मी चालत पूल ओलांडला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. एकदम दोन्ही दिसत होतं. पलीकडे पोचले तर ती मागच्या सीटवर बसून बिबडा खात होती.

तिथून मालवणपर्यंत मी चालवली. परतताना फोंडा घाट चढून देशावर आलो, त्यामुळे समुद्र डाव्या हाताला काही आला नाही. तेव्हापासून तिचं एकच चाललं आहे की पुढच्या वेळी उलटं करायचं, रेडीहून निघून वर यायचं, म्हणजे सासूबाईंनाही साडीत मागे बसवून समुद्र दाखवता येईल. गाडी पार्सलने खाली पाठवायला किती पडतात ते मी भुसावळ स्टेशनवर विचारणार आहे. साडीगार्डही सरळ करून घ्यायचं आहे.