घाटात लिफ्ट नको म्हणणाऱ्याची कैफियत

विदर्भात घाट चढणाऱ्या सायकलवाल्याला एकटं सोडायची पद्धत नाही. धामणगाव गढी मागे टाकून चिखलदऱ्याचा चढ लागला आणि पहिल्या वळणातच एक गाडी थांबली. काच खाली आली. "काहून जी, पंचर झालं का?" नाही म्हटलं. "मंग पैदल काहून चालले?" पायी नव्हतोच चाललो. सायकलवरच होतो, पण वेग तसाच होता, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

नागपूरच्या माणसाला चढाचा सराव असायचं कारणच नाही. गाव सपाट. सेमिनरी हिल्सची चढण म्हणजे आमचा हिमालय, आणि तीसुद्धा दम लागायच्या आत संपते. त्यामुळे आतेभावाने "दिवाळीनंतर चिखलदरा करू, सायकलने" असं जाहीर केलं तेव्हा घरात सगळे हसले. काटोल, जलालखेडा, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार असं करत परतवाड्यापर्यंत पोचलो, त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या, आंबिया बहाराची फळं रंगावर आली होती आणि आतेभाऊ दर चहाला म्हणत होता, "हे तर काहीच नाही बे."

खरी गोष्ट परतवाड्यानंतरची. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर. मधला रस्ता तीसेक किलोमीटरचा, त्यातला सुरुवातीचा धामणगावपर्यंतचा भाग जवळपास सपाट. म्हणजे सातशे मीटरची सगळी वसुली शेवटच्या टप्प्यात. पुढचं सगळ्यात लहान चक्र, मागचं सगळ्यात मोठं, आणि त्याच्या पलीकडे गिअर नाही. ताशी पाच-सहा किलोमीटर. या वेगाची एक अडचण कुणी आधी सांगत नाही: माशा. जोरात चालवलं तर त्या मागे राहतात, चढावर मात्र त्या आरामात सोबत येतात. नाकावर बसतात, चष्म्याच्या आत शिरतात, आणि हात सोडून हाकलावं तर सायकल डुलायला लागते. घामाचे थेंब हँडलवर टपटपताना दिसतात. बाजूला सागाची रुंद पानं, किड्यांनी खाऊन जाळी केलेली, उन्हात धरली तर शिराच शिरा. इतक्या हळू चाललं की असलं सगळं बघून होतं. गाडीतून हा रस्ता मी अनेकदा केलाय, पण सागाचं एकही पान मला आठवत नाही.

पण मुद्दा लिफ्टचा. पुढच्या वळणांवर कोण कोण थांबलं! नागपूर पासिंगच्या गाडीतल्या एका काकूंनी खिडकीतून चिवड्याची पिशवी दिली आणि "आईला विचारून आले ना?" असं विचारलं. मी चाळिशीचा आहे. दोन पोट्टे मोटरसायकलवरून आले, बराच वेळ बाजूबाजूने चालवत राहिले आणि सायकलची किंमत विचारून घेतली. किंमत ऐकल्यावर "एवढ्यात तं सेकंडहँड गाडी आली असती" असं म्हणून निघून गेले. सगळे प्रेमानेच बोलतात, पण प्रत्येक वेळी पाय टेकावा लागतो आणि चढावर पुन्हा सायकलवर बसणं हे चढण्यापेक्षा कठीण. सॅडलवर बसून पहिलं पायडल मारेपर्यंत मागचं चाक अर्धा फूट मागे सरकतं. हे थांबणाऱ्याला कसं समजावणार?

आणि मग तो दुधाचा पिकअप. मागे रिकामे कॅन खडखडत होते. डोक्याला पांढरं फडकं बांधलेला, पन्नाशीचा गवळी.

"कुठं चालले जी?"

"चिखलदऱ्याला."

"गाडी रिकामीच हाये न. टाका मांगं सायकली."

"नको भाऊ, आम्हाला चढायचंच आहे."

"चढायचंच हाये तं गाडीत बसूनबी चढताच न!"

याला उत्तर नाही. मी हसलो, आतेभाऊ हसला, तो हसला नाही. त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरून माझ्या मागच्या चाकावरचं ओझं हाताने तोलून बघितलं. मग आवाज खाली आणून, आजूबाजूला कुणी नसताना, म्हणाला, "मी पैसे नाही मांगत जी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस आपला नकार पैशापायी समजतोय. दोन मोठी माणसं भर उन्हात सायकल रेटतायत म्हणजे एक तर अडचणीत असणार, नाही तर संकोचत असणार, असा त्याचा सरळ हिशेब. हौस नावाची गोष्ट त्या हिशेबात बसत नव्हती. मी समजावत बसलो, तो ऐकत राहिला, शेवटी "पाहा बापा तुमचं तुमी" म्हणून निघाला. कॅनचा खडखडाट दोन वळणं वर जाईपर्यंत ऐकू येत होता. मला उगाचच वाईट वाटत राहिलं, आणि चढावर वाईट वाटून घ्यायला खरं तर श्वास शिल्लक नसतो.

तो पुन्हा भेटला तो मोथ्यात. चिखलदऱ्याच्या अलीकडचं हे गवळ्यांचं गाव, रबडी आणि खव्यासाठी नावाजलेलं. लाकडाच्या भट्टीवर रुंद कढई, दूध आटतंय, साय धरली की ती उलथन्याने कडेला ढकलायची, पुन्हा धरली की पुन्हा. कडेला साचलेल्या त्या थरांचीच रबडी. आम्हाला बघून त्याने आधी सायकलींकडे बघितलं, मग सूर्याकडे, आणि आतल्या बाईंना ओरडून सांगितलं, "आले वं ते सायकलवाले!" घरात आमची चर्चा झालेली दिसत होती. रबडी द्रोणात आली, कोमट, धुराचा वास असलेली. आणखी एकेक मागितली. उठताना पैसे पुढे केले तेव्हा मनात होतं की आता तो नको म्हणेल. त्याने मोजून घेतले, सुटे परत केले. बरं वाटलं. लिफ्ट माणुसकीची, रबडी धंद्याची. असा सरळ माणूस मला आवडतो.

चिखलदऱ्याबद्दल फार लिहीत नाही. पॉइंटांवर गर्दी, गर्दीपुढे मक्याची कणसं, कणसांपुढे वानरं. ज्या हॉटेलात उतरलो तिथे खोलीचं भाडं साडेतीन हजार आणि सायकल मात्र आत न्यायची नाही, टाइल्स खराब होतात म्हणे. रात्रभर बाहेर ठेवली. सकाळी हँडलच्या एका बाजूचं फोम वानरांनी कुरतडून जमिनीवर थुंकून ठेवलं होतं. मॅनेजर म्हणाला, "सर, ते दररोजचंच आहे." दररोजचंच होतं तर आदल्या रात्री सांगायला काय झालं होतं?

गाविलगडावर मात्र गेलो, आणि तिथे नागपूरकर म्हणून थोडं टोचलंच. हा किल्ला नागपूरकर भोसल्यांचा. 15 डिसेंबर 1803 ला आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो घेतला. हाच पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनपुढे उभा राहिलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. गड पडल्यावर दोनच दिवसांत देवगावचा तह झाला आणि रघुजी भोसल्यांच्या हातून वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख आणि कटक गेलं. आम्ही येताना ज्या वरूड-मोर्शीकडून आलो तोच टापू. पण मला गुंतवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी अचलपूरहून निघून धामणगावच्या बाजूने डोंगरात शिरली आणि गडाच्या उत्तरेला लबाडा या गावापर्यंत तिने जड तोफा हाताने ओढत नेल्या. रस्ता नव्हताच. आधी तो करायचा, मग त्यावरून तोफ ओढायची. 7 ते 12 डिसेंबर, सहा दिवस. तटावर बसून मी हे आतेभावाला सांगितलं. तो पोटऱ्या चोळत होता. म्हणाला, "त्यांना पगार होता."

गडाच्या दरवाजावर कोरलेला गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, जरूर बघा. तटावर बदामात नावं कोरणाऱ्यांबद्दल मात्र काही बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

सायकलसाठी सर्वात देखणा रस्ता विचाराल तर तो चिखलदऱ्याहून घटांगकडे उतरणारा आणि तिथून सेमाडोहला जाणारा. पॉइंटवाली गर्दी या बाजूला फारशी येत नाही. उताराला ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, सोडा, दाबा. माझी सायकल जुन्या धाटणीची, रिमवर घासणाऱ्या ब्रेकची. एका वळणावर थांबून रिमला बोट लावलं तर चटका बसला. कोरकू वस्त्यांमधून जाताना पोरं सोबत धावायची, आपसात कोरकूत काहीतरी ओरडायची आणि खिदळायची. त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, पण विषय आम्हीच होतो एवढं निश्चित. सेमाडोहला सिपना नदीत पाय सोडून बसलो ते उठवेना.

हा सगळा मेळघाट. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पाची योजना आली तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत याची निवड झाली होती. पुढे एका आतल्या रस्त्यावर जायचं मनात होतं, पण नाक्यावरच्या माणसाने अडवलं. आम्ही वाघाबद्दल विचारलं. "वाघाचं सोडा जी, तो तुमाले पाहून बाजूले होते. अस्वल नाही होत." त्याचा चेहरा इतका गंभीर होता की आम्ही तिथूनच सायकली वळवल्या. तुम्ही जाणार असाल तर आतल्या रस्त्यांचं वनखात्याकडे आधीच विचारून घ्या, आणि कुठेही असलात तरी दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठा. पावसाळ्यातले शनिवार-रविवार तर टाळाच. धुक्यात गाड्यांची रांग लागते आणि धुक्यात सायकलवाला कुणालाच दिसत नाही, लिफ्ट देणाऱ्यालाही नाही.

पाय शाबूत असतील तर परतवाड्याहून सकाळी मुक्तागिरी करून घ्या. डोंगराच्या कुशीत जैनांची 52 मंदिरं आहेत, पावसाळा नुकताच सरलेला असला तर मधोमध धबधबाही असतो. सायकल खालीच ठेवायची, पुढे पायऱ्या आहेत आणि चढून आलेल्या मांड्यांना त्या प्रकर्षाने जाणवतात. आतेभाऊ आता डिसेंबरात बहिरमच्या यात्रेला सायकलने जायचं म्हणतोय. तिथलं मातीच्या हंडीतलं मटण प्रसिद्ध. जायला माझी हरकत नाही. ते खाऊन सायकलवर परत कसं यायचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.