हाक मारली की मारत होता

इटालियन कागदपत्रांच्या भाषांतरावर माझं घर चालतं. जन्मदाखले, पदव्या, करारपत्रं. त्यांत भूतकाळ फारसा छळत नाही. गेल्या महिन्यात मात्र अपघाताचा पोलिसी अहवाल आला. मुलगा उत्तर इटलीत शिकत होता, स्कूटरवरून पडून गेला. विम्यासाठी इंग्रजी हवं होतं आणि आईवडिलांना वाचायला मराठी.

मराठी मसुदा आमच्याकडच्या नव्या मुलीनं केला. क्रियापदाला -आवा, -एवा, -ईवा दिसलं की 'करत होता' नाहीतर 'करायचा', हा क्लासातला नियम तिनं इमानदारीनं लावला. 'पेर्देवा'चं झालं 'ताबा सुटत होता', 'रोवीनावा आल सुओलो'चं 'जमिनीवर कोसळत होता'. आणि 'देचेदेवा'चं 'रात्री ९.४० वाजता मृत्यू पावत होता'. मी न तपासता पाठवून दिला, चूक माझीच. वडिलांचा फोन आला. "सर, तो किती वेळ तसाच होता हो?"

इटालियन पोलिसांना साधं 'पडला', 'मेला' लिहायला कोणी बंदी केलीय कळत नाही. घडून संपलेल्या गोष्टीसुद्धा ते इम्पेर्फेत्तोत, म्हणजे अपूर्ण भूतकाळात लिहितात. इतिहास लिहिणाऱ्यांनाही ही हौस आहे: '१३२१ साली कवी दान्ते राव्हेन्नात मोरीवा'. तिथं दान्ते मरत नव्हता, मेला होता. आमचे क्लासवाले मात्र 'लहानपणी आम्ही समुद्रावर जायचो' इथंच हा काळ गुंडाळतात.

सगळी क्रियापदं मी स्वतः बदलली. सुटला, कोसळला, नेण्यात आलं, मृत्यू झाला. एका वाक्यावर अडलो. साक्षीदाराच्या हवाल्यानं लिहिलं होतं, जखमी 'क्यामावा ला माद्रे'.

हे पोलिसाचं इम्पेर्फेत्तो धरलं तर आईला एकदा हाक मारली. साक्षीदाराच्या तोंडचं धरलं तर हाका मारत होता, कोणी येईपर्यंत. शिवाय हेच क्रियापद फोन करण्यालाही चालतं. इटालियनमध्ये तिन्ही अर्थ एका शब्दात सुखानं नांदतात. मराठीत मला एकच लिहायचा होता. विम्याच्या प्रतीत खाली टीप टाकून मोकळा झालो. घरच्या प्रतीत टीप कशी टाकणार? आधीच्या वाक्यात 'रेस्पिरावा', श्वास चालू होता. ते तर खरंखुरं अपूर्णच, म्हणजे याला चिकटून आलेलंही तसंच असणार.

घरच्या प्रतीत मी 'आईला हाक मारली' असं लिहिलं. प्रत न्यायला आई स्वतः आल्या होत्या. तेवढी ओळ वाचून त्यांनी विचारलं, "एकदाच?"

मी हो म्हणालो.