मोजलंय का कधी?

"ताई, कोड कंपाइल होताना ऑप्टिमायझरच वेळ खातो, हे मोजलंय का कधी?" नव्याने आलेल्या पोराने आज सहज विचारलं. ऑप्टिमायझर म्हणजे कंपाइलरचा, कोड वेगवान करणारा भाग. मी गप्प.

लगेच क्लँगला, म्हणजे आमच्या कंपाइलरला, 'एफटाइम-ट्रेस' लावलं (कुठे किती वेळ गेला ते नोंदवणारी, 2019 मध्ये नवव्या आवृत्तीत आलेली फार मोलाची सोय) आणि क्रोममध्ये ट्रेस, म्हणजे ती नोंद, उघडला. एका सी प्लस प्लस फाइलीला 14 सेकंद. त्यात ऑप्टिमायझर जेमतेम 2!

लांबच लांब पट्टी होती 'सोर्स'ची, म्हणजे हेडर (इतर फाइलींत जोडल्या जाणाऱ्या सामायिक फाइली) वाचण्याची. पट्टीखाली पट्टी बघत गेले, तर सगळ्यांच्या वर आमचाच जुना 'कॉमन' हेडर. ज्याला जे लागलं, ते त्याने त्यात कोंबलेलं.

दोन वर्षं मीटिंगमध्ये मी ऑप्टिमायझरला दोष देत होते आणि सगळे माना डोलवत होते.

तुमच्याकडे असं न मोजताच ठरवलेलं काय आहे?