मागच्या बाकावरची झोप

आज चर्चमध्ये उपासनेनंतर किशोरवयीन मुलांच्या आईबाबांची बैठक होती, बोलायचं मला होतं. शरणपूर रोडवर गाडी लावायला जागा शोधता शोधताच माझी निम्मी तयारी डोक्यातून उडाली.

पहिलाच प्रश्न, "दादा, पोरगा चर्चला येतो पण मागच्या बाकावर डुलक्या काढतो. विश्वास उडाला का त्याचा?" विचारलं, रात्री झोपतो कधी? "एक वाजता." अहो, या वयात झोप आणणारं मेलॅटोनिनच उशिरा स्रवतं. गरज 8 ते 10 तासांची, आणि वर सकाळचा क्लास! दरवेळी सैतानाला कशाला मध्ये आणायचं?

मग बायबलमधला लूकचा 2 रा अध्याय काढला. येशू 12 वर्षांचा. वल्हांडण या यहुदी सणाहून परतताना मरिया-योसेफ दिवसभर चालले, लेकरू सोबत नाही हे कळलंच नाही. तीन दिवसांनी मंदिरात सापडला, गुरूंना प्रश्न विचारत. त्याचं उत्तर आईबापाला समजलं नाही, हे लूकच लिहितो. एक काकू हळूच म्हणाल्या, "मरियेची ही गत, मग आमचं काय!" सगळे हसले. खरं तर तिथून पुढे लोक मोकळे बोलायला लागले.

निघताना एका वडिलांनी बाजूला घेतलं. मुलगी महिनाभर नीट जेवत नाही, बोलत नाही. "प्रार्थना चालू आहे." म्हटलं, ती चालूच ठेवा, पण डॉक्टरकडेही न्या. आणि आज रात्रीच टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा, मराठीत बोलतात.

मोबाइल खिशात असूनही त्यांनी नंबर पेनाने तळहातावर लिहून घेतला.