रॅटने साप खाल्ला

सकाळी सव्वासहाला फोन, "दादा, तुमच्या रॅटने माझा साप खाल्ला." मला वाटलं पोरगं झोपेत बडबडतंय.

मी पिंपरीत रॅट पाळतो, म्हणजे विकायलाच. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ४० टब, एका टबात एक नर नि तीन माद्या, प्रत्येक टबावर चिकटपट्टी लावून तारीख. गिऱ्हाईक सगळं बॉल पायथनवालं, सापाला खायला घालायला रॅट नेतात (बॉल पायथन म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, आपला देशी अजगर नाही हां, तो पाळणं गुन्हा आहे). मादी २१ ते २३ दिवसांत विते, एका खेपेला आठ-दहा पिल्लं, त्यामुळे माल कमी पडत नाही, झोप कमी पडते, कारण भुसा वेळेवर बदलला नाही तर वासाने डोळे चुरचुरतात आणि शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावतात. माल फ्रोझनच देतो, म्हणजे मारून गोठवलेला. फ्रीझर वेगळा, आईची अटच होती तशी.

या पोराचा पायथन फ्रोझन घेत नव्हता. ही जातच नखरेल, धडधाकट मोठा पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहतो नि त्याला काही होत नाही, पण मालकाला धीर कुठला. फारच मागे लागला म्हणून जिवंत दिला, चूक माझीच. अर्ध्या तासात नाही घेतला तर बाहेर काढ म्हणून बजावलं होतं, पठ्ठ्या रॅट आत सोडून झोपला. त्यात रात्री लाइट गेली, डिसेंबरची थंडी, सापाला ऊब देणारी हीट मॅट बंद, साप गारठून वेटोळं करून पडलेला. रॅटला आत ना दाणा ना पाणी, मग समोर होतं ते कुरतडलं त्याने.

जाऊन बघतो तर पाठीवर दोन इंच जखम, एका ठिकाणी बरगडी दिसत होती. पण जीभ काढत होता. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन, मलम, म्हणाले भुसा काढा, खाली पेपर घाला, दोन-चार काती टाकेपर्यंत भरत राहील. पोरगं रडत होतं, मी काय बोलणार.

दोन महिन्यांनी त्याच सापाने फ्रोझन घेतला. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवला, मग पिशवीत घालून गरम पाण्यात, डोकं जरा जास्त गरम, नि लांब चिमट्यात धरून हलवत बसलो. तिसऱ्या खेपेला झडप.

तो रॅट मी परत आणलाय. कोपऱ्यातल्या टबात एकटाच असतो, वर तारीख टाकलेली नाही. आई येता-जाता विचारते, याला कशाला पोसतोयस.