हिरवा ठिपका, शून्य इम्प्रेशन

सोमवारी सकाळी क्लायंटचा फोन आला. "मॅडम, शनिवारपासून एकही चौकशी नाही. जाहिरात बंद केलीत का?"

मी कशाला बंद करू? गूगल अ‍ॅड्स उघडलं. कॅम्पेनच्या नावापुढे नेहमीचा हिरवा ठिपका होता, बजेट शाबूत होतं आणि इम्प्रेशनच्या, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली त्या, रकान्यात शून्य. रविवारी शून्य, सोमवारीही शून्य. अकाउंटिंगच्या ऑनलाइन कोर्सचं सर्च कॅम्पेन हे, म्हणजे गूगलवर कुणी शोधलं की निकालांसोबत दिसणाऱ्या जाहिराती. वर्षभर इतकं सुरळीत चाललं होतं की मी आठवड्यातून एकदाच त्यात डोकवायचे.

हिरव्या ठिपक्याचा अर्थ एवढाच, की हे कॅम्पेन कुणी पॉज केलेलं नाही. जाहिरात दिसतेय की नाही, हे तो सांगत नाही. कुणी काही शोधलं की कुठली जाहिरात दाखवायची यासाठी दर वेळी नवा लिलाव होतो, आणि त्यात उतरण्याआधीच आपण बाद झालो असलो तरी ठिपका हिरवाच राहतो. नवख्या माणसाला हा ठिपका फसवतो. मी काही नवखी नाही, पण पहिली दहा मिनिटं मीही त्याच्याकडेच बघत बसले.

मग घाबरून मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. बजेट दीडपट केलं, टार्गेट सीपीए, म्हणजे एका चौकशीमागे किती खर्च चालेल तो आकडा, वाढवला आणि दोन हेडलाइन बदलल्या. हाताखालच्या मुलांना मी रोज बजावते, की आधी निदान करा, मग औषध द्या. इथे मीच रुग्णाला न तपासता तीन गोळ्या दिल्या. टार्गेट हलवलं की बिडिंगची, म्हणजे लिलावात आपोआप लागणाऱ्या बोलीची, घडी पुन्हा बसायला वेळ लागतो, आणि हेडलाइन बदलली की जाहिरात पुन्हा तपासणीच्या रांगेत जाते. म्हणजे आता जे काही दिसेल ते मूळ दुखणं की माझ्या गोळ्यांचा परिणाम, हे कळायची सोयही मीच घालवून बसले.

तिकडे क्लायंट स्वतःच्या मोबाइलवर आपलीच जाहिरात शोधत होते. "पन्नास वेळा बघितलं, दिसत नाही." त्यांना हात जोडून थांबवलं. आपणच सारखं शोधायचं आणि क्लिक करायचं नाही, यातून सिस्टिमला एकच कळतं, की या माणसाला या जाहिरातीत रस नाही. मग ती चालू असली तरी त्याला दिसेनाशी होते. जाहिरात दिसते का ते बघायला खात्यातच अ‍ॅड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस नावाचं टूल आहे. त्यात शोधलेलं इम्प्रेशनमध्ये धरलं जात नाही, आणि जाहिरात दिसत नसेल तर का दिसत नाही तेही ते सांगतं.

मी तिथे मुख्य कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दावर जाहिरात दिसायला हवी तो, टाकला. उत्तर आलं: जाहिराती डिसअ‍ॅप्रूव्ड, म्हणजे नाकारलेल्या, कारण 'डेस्टिनेशन नॉट वर्किंग'. तरी कार्ड आणि बिलिंग बघून घेतलं, कारण दहापैकी निम्म्या वेळा भानगड तिथेच निघते. तिथे सगळं ठीक होतं. कॅम्पेनची शेवटची तारीखही कुणी घातलेली नव्हती.

डेस्टिनेशन, म्हणजे जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारं पान, चालत नाही? साइट तर माझ्यासमोर झकास उघडत होती. मोबाइलवर, लॅपटॉपवर, इन्कॉग्निटोमध्येही. गुरुवारी रात्री क्लायंटच्या वेब डेव्हलपरने साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती, आणि ती आधीपेक्षा जास्तच वेगात उघडत होती. मी डेव्हलपरला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, साइट चालू आहे, तुम्हीच बघा ना." बघतच होते.

पण जाहिरातीची तपासणी माणूस ब्राउझर उघडून करत नाही. त्यासाठी गूगलचा अ‍ॅड्सबॉट नावाचा प्रोग्रॅम येतो, आणि त्याला पान उघडता आलं नाही तर जाहिरात नाकारली जाते. आधी रोबोट्स फाइलवर, म्हणजे साइटवर कुठल्या बॉटने कुठे यायचं नाही हे सांगणाऱ्या फाइलवर, संशय आला. मात्र त्या फाइलमध्ये तारांकन टाकून सगळ्या बॉटना सरसकट घातलेली बंदी अ‍ॅड्सबॉट मानत नाही. त्याला अडवायचं तर त्याचं नाव घेऊनच अडवावं लागतं, आणि तसं कुणी केलेलं नव्हतं. मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये जाऊन यूझर एजंट बदलला, म्हणजे ब्राउझरने आपली ओळख अ‍ॅड्सबॉट म्हणून सांगावी. पान रिफ्रेश केलं आणि पांढऱ्याफटक पडद्यावर आकडा आला: ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. नव्या सर्व्हरच्या फायरवॉलने बॉट दिसला की दार लावून घ्यायचं ठरवलं होतं. माणसांना या, बॉटना चालते व्हा. स्क्रीनशॉट पाठवल्यावर डेव्हलपरचा आवाज जरा खाली आला. मंगळवारी दुपारी त्याने अ‍ॅड्सबॉटला वाट करून दिली आणि मी लगेच अपील केलं. तपासणी बहुतेक वेळा एका कामकाजी दिवसात होते. बुधवारी सकाळी सगळ्या जाहिराती मंजूर झाल्या होत्या. मी क्लायंटला ऐटीत मेसेज टाकला: झालं, आता चालू होईल.

बुधवारी दुपारी इम्प्रेशन होती नऊ. एरवी त्या वेळेपर्यंत चारशे तरी असतात.

इथे मला पहिल्यांदा घड्याळ बघायची अक्कल आली. तासवारी आलेख काढला. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत रेघ नेहमीसारखी वरखाली होत होती आणि त्यानंतर कड्यावरून खाली पडावी तशी तळाला. जाहिराती नाकारल्याचा ईमेल मात्र शनिवारी दुपारी आलेला. म्हणजे जाहिरात नाकारली जाण्याच्या वीसएक तास आधीच कॅम्पेन गार पडलं होतं! सोमवारी मला एक सज्जड कारण सापडलं आणि मी तपास थांबवला. ते कारण खरंच होतं, पण पहिलं नव्हतं.

दुसरा धागा त्या नऊ इम्प्रेशनमध्येच होता. नऊच्या नऊ देवनागरीतल्या कीवर्डवर आली होती. 'अकाउंटिंग कोर्स' हे रोमन लिपीत टाइप करणारे लोक कितीतरी जास्त, आणि त्या कीवर्डचा अख्खा अ‍ॅड ग्रुप कोरडा. लिपी बदलली की जाहिरात दिसते, म्हणजे दुखणं कुठल्यातरी शब्दात आहे.

चेंज हिस्टरी उघडली. खात्यातले दोन वर्षांपर्यंतचे बदल तिथे तारीख-वेळेसकट मिळतात. वरच्या तीन नोंदी माझ्याच, सोमवारच्या त्या गोळ्या. त्यांच्या खाली शुक्रवार, संध्याकाळचे ५ वाजून १२ मिनिटं: ३४ निगेटिव्ह कीवर्ड जोडले. म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही ते. आमच्या ऑफिसातला नवीन मुलगा माझ्या खुर्चीमागेच उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, ते मीच टाकले होते." शुक्रवारी निघता निघता 'सर्च टर्म साफ करून टाक' असं त्याला मीच सांगितलं होतं, म्हणजे लोक टाइप करतात त्यातले नकोसे शोध अडव.

त्याने यादी स्प्रेडशीटमधून उचललेली. त्यातल्या एका खान्यात 'फ्री', 'कोर्स' आणि 'पीडीएफ' हे तीन शब्द एकाखाली एक लिहिलेले होते. त्याला अडवायचा होता तो तिन्ही शब्दांचा मिळून एक शोध. पेस्ट करताना तिन्ही शब्द सुटे होऊन तीन ओळींवर बसले आणि तीन स्वतंत्र निगेटिव्ह तयार झाले. सुटा एक शब्द ब्रॉड मॅचमध्ये निगेटिव्ह टाकला, की तो शब्द असलेला प्रत्येक शोध बाद. कोर्स विकणाऱ्याच्या खात्यात रोमन लिपीतला 'कोर्स' हा शब्दच निगेटिव्ह! देवनागरीतला 'कोर्स' तेवढा बचावला, कारण निगेटिव्ह कीवर्ड आपण लिहिलेल्या शब्दाला धरून बसतो, दुसऱ्या लिपीत त्याचा माग काढत जात नाही. डायग्नोसिस टूल पुन्हा चालवलं तर तेही आता सरळ निगेटिव्ह कीवर्डचं नाव सांगत होतं. बुधवारी सकाळी ऐटीत मेसेज टाकण्याआधी ते चालवलं असतं तर अर्धा दिवस वाचला असता.

ते तिन्ही सुटे शब्द काढले. तासाभरात आकडे हलायला लागले.

तरी मनात एक खडा टोचत होता. क्लायंट म्हणाले होते, शनिवारपासून चौकशी नाही. म्हणजे शुक्रवारी चौकशा आल्या होत्या. विचारलं तर म्हणाले, सहा. खात्यात शुक्रवारची कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीतून आल्याची नोंद झालेल्या चौकशा, मात्र शून्य. साइट हलवताना, चौकशी पाठवल्यावर दिसणाऱ्या थँक-यू पानावरचा, ही नोंद करणारा कन्व्हर्जन टॅग गळून पडला होता. याने कॅम्पेन त्या दिवशी बंद पडलं नाही, पण हळूहळू पाडलं असतं. टार्गेट सीपीएवर चालणाऱ्या बिडिंगला वाटतं, क्लिक येतात पण चौकशा होत नाहीत, मग ते बोली कमी कमी करत जातं. तेव्हा हा कड्यावरून कोसळल्यासारखा आलेख दिसला नसता, नुसता उतार दिसला असता, आणि मी कदाचित सीझनला दोष देऊन मोकळी झाले असते. टॅग परत बसवून घेतला. डेटा एक्स्क्लूजनमध्ये गुरुवार ते बुधवार या तारखा टाकल्या, म्हणजे बिडिंगने त्या दिवसांकडे काणाडोळा करावा. बजेट आणि टार्गेटही मुकाट्याने जुन्या आकड्यांवर आणून ठेवलं.

गुरुवारी सकाळी सर्च टर्म रिपोर्ट उघडला. सुरू झाल्यानंतरच्या क्लिकमध्ये सगळ्यात वरचा शोध कुठला असावा? 'फ्री कोर्स पीडीएफ'. नवीन मुलाने माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. त्याने तिन्ही शब्द एका ओळीत लिहिले, दोन्ही बाजूंना अवतरण चिन्हं घालून फ्रेज मॅच केलं, म्हणजे ते शब्द याच क्रमाने सलग आले तरच शोध अडेल, आणि सेव्ह दाबण्याआधी ओळ एकच आहे ना, हे बोट ठेवून दोनदा मोजलं.